टाकी धुतली की आठवड्यात मासे मरतात: अमोनिया परत परत का चढतो

गौरी-गणपतीच्या आधीचा रविवार. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या ताईच्या घरी भाच्याने हॉलमधली दोन फुटी टाकी पूर्ण रिकामी केली. रंगीत खडे घमेल्यात घेऊन चोळून चोळून धुतले, काचा आतून-बाहेरून पुसल्या, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पाणी निघेपर्यंत पिळला. नवीन पाणी भरलं, अँटीक्लोरीनचे थेंब टाकले, मासे परत सोडले. घरी आलेल्या पाहुण्यांनी टाकीचं कौतुक केलं. गौरी जेवल्या त्या संध्याकाळी मला फोन आला.

"मामा, मासे सगळे वर येऊन आ वासायला लागलेत. एक तर गेलाच."

"पाणी कधी बदललंस?"

"रविवारीच सगळं बदललंय की. एकदम क्लिअर हाय पाणी."

"आणि स्पंज?"

"नळाखाली धुतला. साबण अजिबात न्हाई लावला, शप्पथ."

एवढ्या बोलण्यात दुखण्याचं मूळ सापडलं. असं त्यांच्याकडे मागच्या दिवाळीतही झालं होतं आणि त्याआधी मे महिन्यात, गावाला जाण्यापूर्वी टाकी एकदा लख्ख करून ठेवली होती तेव्हाही. दरवेळी दुकानातून सल्ला मिळायचा की पाणी बदला आणि निळं औषध टाका. त्यांनी तेही केलं आणि उरलेले मासेही गेले.

मी बारा वर्षं घरात मासे पाळतोय आणि ओळखीच्यांच्या टाक्या बघायलाही जातो. माझ्यापर्यंत सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार हीच आहे. टाकी नवी असताना पहिले मासे मरतात, मग जम बसतो, आणि नंतर प्रत्येक मोठ्या साफसफाईपासून पाच ते दहा दिवसांत पुन्हा मरतात. शेवटी माणूस हरतो आणि टाकी माळ्यावर जाते. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेकांनी कष्टात कसर ठेवलेली नसते. त्यांनी टाकी गरजेपेक्षा जास्त धुतलेली असते.

पाण्यात नेमकं काय चालतं

माशाने खाल्लेल्या प्रथिनांतला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो, आणि त्यातला बहुतेक भाग कल्ल्यांतून थेट पाण्यात जातो. खड्यांत अडकलेलं खाद्य, विष्ठा, कुजलेलं पान, फिल्टरमागे मरून पडलेली गोगलगाय, यातूनही तोच तयार होतो. नदीत तो वाहून जातो, पसरतो. पन्नास लिटरच्या काचेत मात्र जिथल्या तिथे साठतो.

त्याला संपवण्याचं काम जिवाणू करतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतले हे जिवाणू वेगळे करून दाखवले. तेच काम आपल्या टाकीत चालतं. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. आठवड्याला थोडं पाणी बदललं की नायट्रेट आटोक्यात राहतं.

हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, आणि नेमकं हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. ते चिकटून राहतात. स्पंजच्या भोकांत, खड्यांवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात. आपण ज्याला घाण समजून खरवडून काढतो, त्यातला बराचसा भाग म्हणजे हीच वस्ती.

ताईला मी विरजणाचं उदाहरण दिलं आणि तिला लगेच पटलं. दही संपलं तरी घरातली बाई तळाचं चमचाभर राखून ठेवते. भांडं घासून, पुसून त्यात नुसतं दूध ओतलं तर दही कसं लागेल? टाकीचा स्पंज म्हणजे ते चमचाभर दही. शिवाय दह्याचे जिवाणू एका रात्रीत वाढतात, हे मात्र फार सावकाश वाढतात. सडवणारे काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. यांना दुप्पट व्हायला चांगल्या परिस्थितीतही बरेच तास, कधी दिवसभर लागतो. म्हणून नवी टाकी जमायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. सगळं धुतलं की आपण जवळजवळ पहिल्या दिवसावर येतो, आणि मासे मात्र त्याच क्षणापासून अमोनिया सोडत असतात.

पाच ते दहा दिवसांचं अंतरही यामुळेच पडतं. पहिले दोन दिवस ताजं पाणी असतं म्हणून सगळं बरं वाटतं. मग अमोनिया चढत जातो आणि माशांचे कल्ले भाजल्यासारखे लाल होतात. साफसफाई रविवारची आणि मरण पुढच्या शनिवारचं, म्हणून दोघांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

पाणी क्लिअर असून उपयोग नाही, मोजावं लागतं

माशांना मारू शकेल एवढा अमोनिया पाण्यात असला तरी त्याला रंग नसतो आणि सहसा वासही येत नाही. टाकीला वास मारतो तो कुजण्याचा. नितळ पाण्यावर विश्वास ठेवू नका. थेंबांचं अमोनिया टेस्ट किट घ्या, आणि जमलं तर नायट्राइट व पीएचचंही (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) घ्या. टाकी, दिवा, रंगीत दगड यांवर खर्च होतो आणि किट महाग वाटतं. माझं मत विचाराल तर दिवा नंतर घ्या, किट आधी घ्या.

चाचणी करताना घाई नको. नळी आधी टाकीच्याच पाण्याने दोनदा विसळा. खुणेपर्यंत पाणी भरा, पाण्याच्या वरच्या रेषेचा खालचा बाक खुणेला टेकला पाहिजे. थेंबांची बाटली अगदी उभी धरा, तिरकी धरली तर थेंब लहान-मोठे पडतात आणि आकडा चुकतो. हलवून पाच मिनिटं ठेवा, किंवा किटवर जेवढी वेळ लिहिली असेल तेवढी. मग खिडकीपाशी जाऊन दिवसाच्या उजेडात, मागे पांढरा कागद धरून रंग बघा. नेहमीच्या किटमध्ये लिंबासारखा पिवळा म्हणजे शून्य. त्यात पोपटी झाक आली की अमोनिया आला, आणि हिरवा जितका गडद तितका तो जास्त. घरातल्या पिवळ्या बल्बखाली ही पोपटी झाक दिसतच नाही. भाच्याने आधी दोनदा शून्य सांगितलं होतं. मी गेल्यावर गॅलरीत नेऊन नळी बघितली तर आकडा एकच्या (म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या) पुढे होता.

आता याच आकड्याची एक गुंतागुंत सांगतो, कारण इथेच दोन शेजाऱ्यांत वाद होतो: माझ्याकडे एक आला तरी मासे ठणठणीत, तुझ्याकडे एकाला कसे मेले? किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला काही भाग अमोनियम असतो, तो बराच निरुपद्रवी. उरलेला मोकळा अमोनिया हे खरं विष. दोघांचं प्रमाण पीएच आणि तापमानावर ठरतं. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूणपैकी जेमतेम अर्धा टक्का मोकळा असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट. त्यात पाणी ३० अंशांवर गेलं तर सात टक्क्यांच्या पुढे. म्हणून एप्रिल-मे महिन्यात, पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या खोलीत ठेवलेल्या टाकीत तोच आकडा जास्त जाळतो. गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो, हा दुहेरी मार.

कोल्हापुरात पाण्याचे प्रकारही एक नाहीत. कुणाकडे पंचगंगेचं, कुणाकडे थेट पाईपलाईनने आलेलं काळम्मावाडी धरणाचं, तर बऱ्याच अपार्टमेंटमध्ये नळाचं आणि बोअरचं एकाच टाकीत मिसळलेलं. आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं आणि पीएच चढा असतो. त्यामुळे मित्राचा सल्ला त्याच्या पाण्यापुरता. आपलं पाणी आपण मोजायचं, आणि टाकीतलं मोजताना नळाचंही एकदा मोजून ठेवायचं.

मासे आत्ता वर आले असतील तर

खाद्य लगेच बंद. दोन-तीन दिवस उपास पडला तरी धडधाकट मोठ्या माशाला काही होत नाही. घरातल्यांना हे पटवणं अवघड जातं, आजी तर चोरून दाणे टाकतेच, म्हणून खाद्याचा डबा काही दिवस उचलून ठेवा.

मग निम्मं पाणी बदला. अमोनिया दोन असेल तर निम्म्या बदलाने एक होतो, बारा तासांनी पुन्हा निम्मं बदललं की अर्धा. नवीन पाण्यातलं क्लोरीन आधी काढलेलं हवं आणि तापमान जुन्या पाण्याइतकं हवं. बादलीत हात घालून, मग टाकीत घालून फरक जाणवत नसला की पुरे. हवेचा पंप पूर्ण सोडा, एक जादा एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) असेल तर तोही लावा, कारण कल्ले दुखावलेल्या माशाला ऑक्सिजन घ्यायला आधीच त्रास होत असतो आणि जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. दुसऱ्या दिवशी मोजा. पाव किंवा त्याच्या वर असेल तर पुन्हा पाणी बदला. खडे, स्पंज, काच, यांना हात लावायचा नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो जीवघेणा आहे. टाकी कित्येक महिने न बदललेल्या पाण्याची असेल, फक्त आटलेलं पाणी भरत आला असाल, तर आधी पीएच बघा. अशा टाकीतली क्षारता, म्हणजे पीएच पडू न देणारी पाण्याची ताकद, हळूहळू संपते, कारण जिवाणू काम करताना तीच वापरतात. पीएच साडेसहा किंवा खाली उतरतो, जिवाणू मंदावतात, अमोनिया साठतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात झोपलेला असतो. त्यावर एकदम अर्धी टाकी बोअरचं चढ्या पीएचचं पाणी ओतलं, की त्यातला जीवघेणा वाटा लगेच मोकळा अमोनिया होतो. "मी तर ताजं पाणी घातलं आणि लगेच मेले" असं सांगणारे बहुतेक या प्रकारातले असतात. इथे रोज दहा-पंधरा टक्केच बदला आणि आठवडाभर धीर धरा.

निळं औषध टाकू नका. मिथिलीन ब्लू काही आजारांवर चांगलं आहे, पण ते वेगळ्या भांड्यात वापरायचं औषध आहे. मुख्य टाकीत ते याच उपयोगी जिवाणूंना मारतं. अमोनियाने गुदमरणाऱ्या माशाला ते देणं म्हणजे उरलंसुरलं विरजणही ओतून देणं. तुरटीही नको. पाणी नितळ करायला घरोघरी तुरटी फिरवायची सवय आहे, पण टाकीत ती क्षारता खाते आणि पीएच पाडते.

मिठाचं विचाराल तर ते अमोनियावर नाही, नायट्राइटवर उपयोगी. अमोनिया उतरायला लागला की नायट्राइट चढतं, त्याने माशाच्या रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही आणि कल्ले तपकिरी पडतात. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दर लिटरला अर्धा ते एक ग्रॅम खडा मीठ, वेगळ्या भांड्यात विरघळवून. फक्त फिल्टरमध्ये झिओलाइट घातलेलं असेल तर मीठ घालायचं नाही, कारण त्याने पकडून ठेवलेला अमोनिया मीठ येताच परत पाण्यात सुटतो.

मग परत परत का होतं

तात्पुरतं निभावणं सोपं आहे. खरी अडचण इथे आहे, आणि यासाठीच मी लिहायला बसलो.

सगळ्यात मोठं कारण स्पंजची धुलाई, ते वर आलंच. योग्य रीत अशी. आधी नळीने टाकीतलं पाव भाग पाणी बादलीत काढा. नळीचं तोंड खड्यांत खुपसत खुपसत काढलं तर खालची घाण त्याच पाण्यासोबत निघते. बादलीत तपकिरी ढग येतील, ते बघून घाबरू नका. मग दुसऱ्या भांड्यात टाकीचंच थोडं स्वच्छ पाणी घ्या आणि त्यात स्पंज दोन-तीनदा हलकेच दाबा. चहासारखं पाणी सुटेल. चौथ्यांदा दाबायचा मोह होईल, कारण अजून मळ निघत असतो. तिथे थांबा. स्पंज मळकट तपकिरीच राहिला पाहिजे, त्यातून पाणी वाहतंय एवढंच बघायचं. नळाखाली धरला तर नुसत्या दाबाने वस्ती सुटतेच, वर क्लोरीन उरलेल्यांना मारतं. शहराच्या पाण्यात क्लोरीन आपल्या आरोग्यासाठीच घातलेलं असतं आणि त्याचं कामच जिवाणू मारणं आहे.

खडे आणि स्पंज एकाच दिवशी धुवायचे नाहीत. या आठवड्यात खड्यांचा अर्धा भाग, पुढच्या आठवड्यात दुसरा अर्धा, स्पंज महिन्याने. पाहुणे येणार असतील तर समोरची काच पुसा, पाव पाणी बदला. टाकी तेवढ्यानेही सुंदर दिसते. दोन स्पंज असलेला फिल्टर घेता आला तर उत्तम, एका वेळी एकच दाबायचा. स्पंज फाटायला आल्यावर दुकानातून नवा आणून जुना फेकू नका. दोन्ही महिनाभर शेजारी शेजारी राहू द्या. फिल्टरमध्ये जागा असेल तर जुन्या मातीच्या कौलाचे नखाएवढे तुकडे धुऊन भरा. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांत जिवाणूंना भरपूर घर मिळतं. आमच्या जुन्या घराची कौलं उतरवली तेव्हाची काही अजून माझ्या फिल्टरमध्ये आहेत.

दुसरं कारण रात्रीचं. हॉलमध्ये झोपणाऱ्याला पंपाची घरघर सहन होत नाही, म्हणून रात्री फिल्टर बंद. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की टाकी बघायला गेलो की पहिला प्रश्न हाच विचारतो. जिवाणूंना सतत ऑक्सिजनवालं वाहतं पाणी लागतं. रोज आठ तास बंद ठेवलेल्या फिल्टरमध्ये वस्ती कधीच पूर्ण भरत नाही, आणि अमोनिया कधी शून्य, कधी अर्धा असा झुलत राहतो. विजेची काळजी असेल तर हिशोब करा: पाच वॅटचा पंप चोवीस तास महिनाभर चालला तर साडेतीन-पावणेचार युनिट होतात. आवाजासाठी पंपाखाली जाड फोमचा तुकडा ठेवा किंवा तो भिंतीपासून सरकवा. बहुतेक घरघर भिंतीला टेकल्यामुळे असते.

लाईट जाण्याचंही तेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आमच्या गल्लीत पाणी शिरलं नाही, पण वीज दोन दिवस नव्हती. माझ्या मोठ्या टाकीला बंद डब्याचा फिल्टर होता. वीज आली, मी आनंदाने बटण दाबलं, आणि त्या डब्यात दोन दिवस कोंडून सडलेलं काळं पाणी थेट टाकीत गेलं. चार वर्षं सांभाळलेली एंजलची जोडी त्या रात्री गेली. ते अजून विसरलो नाही. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा लाईट गेल्यावर तासाभरात मी फिल्टर उघडला, स्पंज काढून टाकीतच सोडला आणि सेलवर चालणारा हवेचा पंप लावला. खाद्य पूर्ण बंद. एकही मासा गेला नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर हवेच्या पंपाचा प्लग त्या लाईनवर घ्या, तो पंख्याच्या मानाने काहीच ओढत नाही.

खाद्याचा हिशोब डोळ्यांसमोर ठेवला की हात आपोआप आखडतो. एक ग्रॅम खाद्यात समजा ४० टक्के प्रथिनं. प्रथिनांत सोळा टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन. म्हणजे ६४ मिलिग्रॅम. त्यातला निम्मा जरी अमोनियाच्या रूपाने पन्नास लिटरमध्ये उतरला तरी लिटरमागे ०.६ मिलिग्रॅमच्या वर जातो. एका दिवसात, एका ग्रॅमला! दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा. पाच-सहा गप्पींना दोन बोटांच्या चिमटीत येईल त्याच्याही निम्मं पुरतं. घरात चार माणसं असतील तर कुणी टाकायचं हे एकाचंच ठरवा.

टाकी किती लिटरची हेही पुष्कळांना माहीत नसतं. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचांत मोजून गुणा आणि ६१ ने भागा. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे जवळपास ५७ लिटर, खडे-दगड वजा जाता पन्नासच्या आत. एवढ्या पाण्यात आठ-दहा गप्पी किंवा मॉली सुखात राहतात. गोल्डफिश खूप खातो, खूप घाण करतो आणि वितीएवढा वाढतो, त्याची जोडीसुद्धा मला इथे जड वाटते. काचेच्या गोल भांड्यात तर नकोच. 'शार्क' म्हणून दिला जाणारा छोटा चंदेरी मासा पंगासच्या जातीचा असतो आणि तो तीन फुटांच्या वर वाढतो. टाकी साफ करतो म्हणून घेतलेला सकरही फूटभर होतो आणि साफसफाई करण्यापेक्षा विष्ठाच जास्त टाकतो. मासे जास्त असतील तर स्पंज कितीही जपा, अमोनिया येतच राहील. काही परत द्या, किंवा मोठी टाकी घ्या.

रंकाळा तलावावर जलपर्णी पसरलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे की सांडपाण्यातला नायट्रोजन मिळाला की पाणवनस्पती कशा फोफावतात. तीच भूक आपल्या टाकीत कामाला लावता येते. घरातल्या मनी प्लांटची फांदी कडेला अडकवून फक्त मुळं पाण्यात सोडा, पानं बाहेर. महिन्याभरात पांढऱ्या मुळांचा झुपका होतो आणि नायट्रेट तर उतरतंच, अमोनियाचाही थोडा वाटा तो उचलतो. रंकाळ्यातली किंवा नदीतली वनस्पती मात्र आणू नका, तिच्यासोबत जळवा आणि रोग येतात.

नवी टाकी लावत असाल तर

मासे आणण्याआधी महिनाभर फिल्टर चालू ठेवा आणि मासे असल्यासारखं रोज चिमूटभर खाद्य टाका. मोजत राहा. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट, आणि दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. मधल्या काळात पाणी दुधाळ होईल, ते सडवणाऱ्या जिवाणूंचं पीक असतं, आपोआप बसतं. त्यासाठी सगळं पाणी ओतून देऊ नका. बाटलीतले तयार जिवाणू मिळतात, पण ती बाटली वाटेत उन्हात किती तापली हे आपल्याला कळत नाही, त्यामुळे माझा भर जुन्या टाकीतल्या स्पंजवर. ज्याचे मासे महिनोन्‌महिने निरोगी आहेत अशाकडूनच तो घ्या, नाहीतर त्याच्या टाकीतले रोगही सोबत येतील.

भाच्याच्या टाकीतले चार मासे त्या वेळी वाचले. दोन आठवडे त्याने रोज मोजलं आणि कॅलेंडरवर तारखेखाली आकडे लिहिले: अमोनिया एक, अर्धा, पाव, मग नायट्राइटची चढण, मग दोन्ही शून्य. दिवाळीला ताईने फराळाच्या गडबडीतही टाकी रिकामी करू दिली नाही, फक्त काच पुसली. परवा त्याचा शिवाजी पेठेतला मित्र नव्या टाकीचं विचारायला आला होता. भाच्याने जुन्या स्पंजचा चार बोटांएवढा तुकडा कापला, पिशवीत टाकीच्याच पाण्यात घालून त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "सरळ घरी जा. वाटेत वाळू देऊ नको, आणि नळाखाली तर अजिबात धरू नको."